राखीचं बोलणं पूर्ण पोचावं म्हणून

केबलवाल्याकडे लोक नाना प्रकारच्या मागण्या करतात. कोणाला क्रिकेटचं चॅनल आधी हवं असतं, कोणाला वायर खिडकीतून नको असते, कोणी म्हणतं पोरांची परीक्षा आहे, महिनाभर टीव्ही बंदच ठेवा. पण २००६ साली पल्लवी पगारेने जी मागणी केली तशी माझ्याकडे आधी कोणी केली नव्हती.

तेव्हा नाशिकला पंचवटीत टीव्हीच्या केबलबरोबर मी इंटरनेटही द्यायला लागलो होतो. पेठ रोडपासून गोदाकाठापर्यंत गच्च्यांवरून निळ्या वायरी टाकल्या होत्या. माकडं त्या ओढायची, पावसाळ्यात वीज कडाडली की लाइन पुढे वाटणारे डबे जळायचे, भारनियमन तर रोजचंच. इंटरनेटची मूळ लाइन मी एका मोठ्या कंपनीकडून घ्यायचो. आम्ही सगळे ऑपरेटर तिला ‘वरची कंपनी’ म्हणायचो. वरून जे येईल ते आम्ही घरोघरी वाटायचं, असा सरळ व्यवहार होता.

पल्लवी दुकानात आली आणि म्हणाली, "दादा, मला जेवढं येतं तेवढ्याच वेगाने जायलाही पाहिजे."

मी तिला समजावलं की असं कोणी मागत नाही. लोक इंटरनेटवरून ओढून घेतात, पाठवत कोणी नाही. एखादा फोटो, एखादा अर्ज, बस. त्यामुळे यायचा रस्ता रुंद आणि जायचा अरुंद अशीच सगळ्यांची लाइन असते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मी तिच्या घरी दहा मिनिटं येऊ शकेन का.

घर फुलेनगरच्या मागच्या वसाहतीत होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात रंगाचे डबे आणि ब्रशांनी भरलेली बरणी. तिचे वडील दत्तूकाका दुकानांच्या पाट्या रंगवत. पंचवटीतल्या निम्म्या जुन्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. काका आणि सविताकाकू, दोघंही जन्मापासून कर्णबधिर. पल्लवीला ऐकू येतं. ती दारातून आत गेली आणि तिघं बोलायला लागले. आवाज काहीच नव्हता, फक्त हात, बोटं, भुवया, खांदे. काकूंनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं, पल्लवी हसली आणि मला म्हणाली, "आई विचारतेय, हाच तो का, ज्याची वायर आमच्या शेजाऱ्यांच्या पत्र्यावर वाजते?"

वाजते हे काकूंना शेजारणीच्या वैतागावरून कळलं होतं.

मग तिने मला तिची गोष्ट सांगितली. लहानपणापासून घराचे कान आणि घराचं तोंड तीच होती. शाळेचं दप्तर पाठीवर टाकून ती वडिलांबरोबर रेशन दुकानात, बँकेत, दवाखान्यात जायची. हळूहळू काकांचे मित्र, मित्रांच्या बायका, सगळेच तिला न्यायला लागले. बारावीच्या परीक्षेत ती पेपर लिहीत बसली होती, तेव्हा निमाणी बस स्टँडजवळ एक पाटी रंगवताना काका शिडीवरून पडले. दवाखान्यात ते हातांनी सांगत होते की कुठे दुखतंय. तिथल्या लोकांना वाटलं, वेदनेने हातपाय झाडतायत. म्हणून त्यांनी काकांचे दोन्ही हात धरून ठेवले.

"बोलणाऱ्या माणसाचं तोंड दाबून धरावं तसं झालं ते," पल्लवी म्हणाली. "तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे. मी एका वेळी एकाच ठिकाणी असते."

पुढे डिप्लोमा करताना तिने सायबर कॅफेत एक बाई बघितली. ती कॅमेऱ्यासमोर बसून अमेरिकेतल्या मुलाशी बोलत होती. पल्लवीला वाटलं, ही बाई आवाजासाठी बसलीय, चित्र असलं काय नसलं काय. आपल्या लोकांना मात्र आवाज नको, नुसतं चित्र पुरेल. बँकेच्या काउंटरवर एक कॉम्प्युटर आणि कॅमेरा असेल, कर्णबधिर माणूस त्याच्यासमोर हातांनी बोलेल, पल्लवी तिच्या ऑफिसात बसून ते बघेल आणि स्पीकरवरून क्लार्कला सांगेल. क्लार्क जे बोलेल ते ती हातांनी परत करेल. एका दिवसात ती बँकेत, दवाखान्यात, अंबडच्या कारखान्यात, सगळीकडे असू शकेल. म्हणूनच तिला जाणारी लाइन येणाऱ्या लाइनीइतकी हवी होती. हात पाठवायचे होते.

मी तिला तशी लाइन करून दिली. वरच्या कंपनीशी भांडून दिली, पण दिली.

तिच्याबरोबर डिप्लोमाला असलेला किशोर नावाचा मुलगा कॉम्प्युटरची बाजू सांभाळायचा. दोघांनी पेठ रोडला पूजासाहित्याच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आणि कंपनी काढली. नाव ठेवलं ‘दोन हात’. किशोर हुशार होता, पण त्याहून कौतुकाची गोष्ट म्हणजे त्याने सहा महिन्यांत खुणांची भाषा शिकून घेतली. आधी दत्तूकाकांची करमणूक व्हायची, कारण किशोरच्या हातून भलतंच काही निघायचं. एकदा त्याला म्हणायचं होतं की उद्या येतो आणि तो सांगून बसला की उद्या मरतो.

पहिली जागा मिळाली ती एका सहकारी बँकेच्या शाखेत. पहिले दत्तूकाकाच गेले. काम काहीच मोठं नव्हतं, खात्यावरचा पत्ता बदलायचा होता. पण परत आले ते थेट माझ्या दुकानात. मला त्यांची भाषा येत नव्हती, तरी त्यांनी जे केलं ते मला समजलं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि एक बोट वर केलं. मी एकटा गेलो होतो.

दोन वर्षांत ‘दोन हात’चे कॅमेरे बऱ्याच ठिकाणी लागले. पल्लवीने आणखी दोघींना दुभाषी म्हणून तयार केलं. मालेगाव, सटाण्याकडचे कर्णबधिर सायबर कॅफेत जाऊन तिला गाठायला लागले. कोणाला जमिनीच्या उताऱ्याबद्दल विचारायचं असे, कोणाला मुलीच्या सासरच्यांशी बोलायचं असे. मला या धंद्याचं मनापासून कौतुक होतं. मी ज्या वायरीतून सिनेमाची गाणी वाटत होतो, त्याच वायरीतून ही मुलगी माणसं एकमेकांना भेटवत होती. आणि त्यासाठी तिने कोणाची परवानगी घेतली नव्हती. लाइन घेतली, कॅमेरा लावला आणि काम सुरू केलं.

२००८ च्या उन्हाळ्यात चित्र तुटायला लागलं.

आधी वाटलं, माझ्याच वायरीचा दोष. मी डबे बदलले, गच्च्या पालथ्या घातल्या. लोकांच्या बाकी कशाला काही अडचण नव्हती. ईमेल जात होती, वेबसाइट उघडत होत्या. फक्त ‘दोन हात’चं चित्र चौकटी-चौकटी होऊन अडकायचं. तोंडी बोलणाऱ्याचं चित्र अडकलं तरी आवाजावर भागतं. इथे हात अडकला की शब्दच गेला.

छडा किशोरने लावला. वरच्या कंपनीने त्याच सुमारास इंटरनेटवर आपलं स्वतःचं सिनेमा-गाण्यांचं दालन काढलं होतं, ते मात्र लोण्यासारखं चालायचं. किशोरने पल्लवीचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि ते दोन तऱ्हांनी पाठवलं. एकदा नेहमीसारखं, तर ते अडकलं. मग तेच त्याने कुलूपबंद करून पाठवलं, म्हणजे आत काय आहे ते वाटेत कोणाला वाचता येऊ नये असं. ते सरळ पोचलं.

"लाइन कमी पडत नाहीये," त्याने मला सांगितलं. "कोणीतरी आत डोकावतंय. स्वतःचं नसलेलं चित्र दिसलं की मागे ठेवतंय."

बाहेरच्या देशांत यावर मोठे वाद चालू आहेत, असंही तो म्हणाला. त्याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. लाइन देणाऱ्याने आत काय चाललंय आणि कोणाचं चाललंय हे बघून पुढे-मागे करू नये, सगळ्यांना सारखं जाऊ द्यावं, एवढाच त्याचा अर्थ. आम्हाला आमच्या दुखण्याचं नाव कळलं, पण औषध काही माहीत नव्हतं. सगळं कुलूपबंद करून पाठवणंही शक्य नव्हतं, कारण बँका आणि दवाखाने त्यांच्या कॉम्प्युटरवर असलं काही बसवू देत नसत.

त्याच दिवसांत राखीचं प्रकरण झालं. राखी मूळची पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची, लहानपणापासून नाशिकच्या कर्णबधिर शाळेत वसतिगृहात वाढलेली. ती आणि तिचा नवरा सोमा, दोघंही अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. सोमालाही ऐकू येत नाही. त्यांची मुलगी वर्षाची होती. तिला ताप भरला, श्वास लागायला लागला, म्हणून राखी तिला घेऊन एका खाजगी दवाखान्यात गेली. तो दवाखाना ‘दोन हात’चा ग्राहक होता. नर्सच्या खोलीत कॅमेरा होता. पडद्यावर पल्लवी आली, राखीने मुलीचं सगळं सांगितलं. तिथपर्यंत ठीक चाललं.

मग डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, छातीचा एक्स-रे काढून घेऊ, दहा मिनिटांत आणून देतो."

पल्लवीने घाबरण्याची खूण केली. हात छातीशी, बोटं आत वळलेली, चेहऱ्यावर भीती. ‘नका’ची खूण करायला तिने हात उचलला आणि चित्र थिजलं. राखीच्या समोर पडद्यावर राहिली ती भ्यालेली पल्लवी. तेवढ्यात नर्सने मुलीला उचललं आणि ती घाईने बाहेर गेली.

राखी तिच्या मागे धावली. जिन्यात पडली, उठली, परत धावली. तिच्या घशातून जो आवाज निघाला, त्याने वॉर्डातले लोक उभे राहिले. दोन माणसांनी तिला धरलं. एक्स-रे झाला, मुलगी परत तिच्या हातात आली, औषधाने चार दिवसांत बरीही झाली. पण त्या मधल्या वेळात राखीला वाटत होतं की मुलगी गेली. पल्लवी पेठ रोडच्या खोलीत बसून थिजलेल्या पडद्याशी बोलत होती आणि तिला काहीच करता येत नव्हतं.

दवाखान्याने महिन्याअखेरीला कॅमेरा काढून टाकला. त्यांचा दोष मी काढत नाही.

मी पल्लवी आणि किशोरला घेऊन वरच्या कंपनीच्या नाशिकच्या मॅनेजरकडे गेलो. माणूस सभ्य होता. त्याने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि राखीची हकीकत ऐकून त्याला खरंच वाईट वाटलं. कंपनीने बाहेरचं चित्र हळू ठेवलंय हे त्याने नाकारलं नाही. सगळे दिवसभर व्हिडिओ बघत बसले तर लाइन पुरणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मग त्याने स्वतःच तोड सुचवली. ‘दोन हात’ला तो खास यादीत टाकणार होता. कंपनीच्या स्वतःच्या दालनाइतकाच वेग मिळाला असता, जाहिरातीतही नाव आलं असतं. फक्त ही सेवा त्यांच्याच जाळ्यावर चालली पाहिजे, दुसऱ्या कोणाच्या लाइनीवर नाही.

पल्लवीने विचारलं, "आणि उद्या दुसऱ्या कोणी हेच काम सुरू केलं तर?"

"ते यादीत नसतील," मॅनेजर म्हणाला. "तुमच्याच फायद्याचं आहे ते, मॅडम."

बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर किशोर आणि पल्लवीचं जुंपलं. किशोरचं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. दवाखाना गेला होता, बँकही कुरकुरत होती. आधी आपण जगू, मग जगाचं बघू, असं तो म्हणत होता. पल्लवीने त्याला आठवण करून दिली की कोल्हापुरात एक मुलगा असंच काम सुरू करतोय, त्याने मागच्याच महिन्यात तिला फोन करून सगळं विचारून घेतलं होतं आणि तिने ते सांगितलंही होतं. किशोर म्हणाला, तो आपला स्पर्धक आहे. पल्लवीलाही मोह झाला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

संध्याकाळी तिने घरी सगळं मांडलं. मी तिथेच होतो. काय बोलणं चाललंय ते ती मला मधूनमधून सांगत होती. सविताकाकूंनी विचारलं, मालेगावच्या लोकांकडे लाइन कोणाची आहे. दुसऱ्या कंपनीची, पल्लवीने सांगितलं. मग त्यांनी काय करायचं, काकूंनी विचारलं.

दत्तूकाकांनी हातातला ब्रश बाजूला ठेवला आणि सावकाश, एकेक खूण सुटी करत काहीतरी सांगितलं. पल्लवीने डोळे पुसून मला ते सांगितलं.

"बाबा म्हणतायत, दवाखान्यात माझे हात धरून ठेवणारी माणसं चांगलीच होती. त्यांना मला बरं करायचं होतं. पण हात माझे होते."

दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरला नकार कळवला. किशोरने पुण्याला नोकरी धरली. भांडून नाही गेला. घरी म्हातारी आई होती, पगाराची गरज होती. जाताना त्याने पल्लवीला सगळी यंत्रं नीट समजावून दिली आणि हाक मारली तर येईन म्हणाला.

पल्लवी पुढचे काही महिने जिथे चित्र तुटतं तिथे स्वतः जायला लागली. बसने, रिक्षाने, कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून. लहानपणी करायची तेच पुन्हा. मी तिला पंचवटी कारंजापाशी कधी तरी उभी बघायचो, उन्हाने काळवंडलेली, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हाताने समोरच्या कोणाशी तरी बोलत. मला वाटे, ही किती दिवस टिकणार.

दिवाळीच्या आधी वरच्या कंपनीने जिल्ह्यातल्या सगळ्या केबल ऑपरेटरांना एका हॉटेलात जेवायला बोलावलं. नव्या दालनाची जाहिरात करायची होती. मोठा पडदा, स्पीकर, सगळी तयारी. मी मॅनेजरला म्हटलं की आमच्या पंचवटीतली एक मुलगी इंटरनेटवर चांगलं काम करते, तिला दहा मिनिटं द्या. कोण मुलगी ते त्याला माहीत होतं. तरी तो हो म्हणाला. त्याबद्दल मी त्याचा आजही आदर करतो. कदाचित त्याला वाटलं असेल, इतक्या लोकांसमोर ती आभारच मानेल.

पल्लवी व्यासपीठावर गेली. किशोर पुण्याहून रजा टाकून आला होता, तो कॉम्प्युटरपाशी बसला. पडद्यावर राखी दिसली. ती पेठ रोडच्या ऑफिसात, माझ्याच लाइनीवर होती. पल्लवीने सांगितलं की ही राखी आहे, ती हातांनी बोलते, दवाखान्यात काय झालं ते ती सांगेल आणि मी ते तुम्हाला आवाजात सांगेन.

"एक गोष्ट आहे," ती म्हणाली. "मी माझ्या मनाचं काही घालणार नाही. जेवढं पोचेल तेवढंच बोलेन."

राखीने सुरुवात केली.

"माझी मुलगी," पल्लवी म्हणाली. चित्र अडकलं. ती थांबली. चित्र हललं. "रात्रभर." पुन्हा थांबली. "डॉक्टर म्हणाले." मग खूप वेळ काहीच नाही. पडद्यावर राखीचा अर्धा हात हवेत, चेहऱ्यावर चौकटी. पल्लवी माइकसमोर तोंड मिटून उभी. हॉलमध्ये ताटांचे आवाज येत होते ते थांबले. "जिना," ती म्हणाली. "माझी." आणि पुन्हा शांतता.

लोक चुळबुळ करायला लागले. कोणीतरी म्हणालं की तुम्हाला माहीत आहे ना काय झालं, मग सांगून टाका. पल्लवीने मान हलवली. ती तशीच उभी राहिली. ते सहा-सात शब्द आणि मधली ती ओसाड जागा. हॉलभर ऐकू येणारी माणसं बसली होती आणि एका बाईचं बोलणं कोणालाच ऐकू येत नव्हतं.

मग तिने किशोरकडे बघितलं. किशोरने तेच चित्र कुलूपबंद करून आणायला सुरुवात केली. लाइन तीच, हॉटेल तेच, राखी तीच. पडद्यावर तिचे हात पाण्यासारखे वाहायला लागले. राखीने पहिल्यापासून सांगितलं आणि पल्लवीने न अडखळता ते बोलून दाखवलं. ताप, श्वास, थिजलेला चेहरा, जिना, धरणारी माणसं. शेवटी राखी म्हणाली, "माझी मुलगी वाचली. पण तेवढा वेळ ती माझ्यासाठी मेलेली होती, कारण एक शब्द पोचला नाही."

आमच्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर लहानूशेठ पुढच्या रांगेत बसले होते. सिडकोतली बरीच घरं त्यांच्याकडे. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि बसल्या जागेवरून मॅनेजरला विचारलं, "साहेब, गिऱ्हाईक माझं. लाइनीचे पैसे तो मला देतो, मी तुम्हाला देतो. मग त्याने काय बघायचं आणि काय नाही, हे तुम्ही वरून कसं ठरवता?"

मॅनेजर म्हणाला की लाइनीवर ताण येतो. लहानूशेठ म्हणाले, ताण आला तर सगळ्यांना सारखाच येऊ द्या, तुमच्या सिनेमालाही. मग बाकीचेही बोलायला लागले. कोणाच्या गिऱ्हाइकाने ऑनलाइन शिकवणी काढली होती, ती अडकत होती. कोणाच्या मुलाने गाण्यांच्या रेकॉर्डिंगची वेबसाइट केली होती, ती अडकत होती. तोवर जो तो आपलीच वायर तपासत बसला होता. निघताना लहानूशेठ मला कानात म्हणाले की दुसऱ्या एका कंपनीचा माणूस त्यांना भेटून गेलाय, आपण सगळे मिळून गेलो तर तो आनंदाने लाइन देईल. ते मॅनेजरलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कानात म्हणाले.

वरच्या कंपनीने माफी मागितली नाही की पत्रक काढलं नाही. पण नाताळच्या सुमारास एके सकाळी पल्लवीचा फोन आला. "दादा, तू लाइनीला काही केलंस का?" मी काही केलं नव्हतं. चित्र सरळ यायला लागलं होतं. किशोरने पुण्याहून तपासलं. आत डोकावणारं कोणी नव्हतं. वरच्या कंपनीच्या दालनातला सिनेमाही गर्दीच्या वेळी इतरांइतकाच अडकायला लागला होता.

‘दोन हात’ फार मोठी झाली असं मी म्हणणार नाही. बँक टिकली, दवाखाना परत आला, कारखाने वाढले. कोल्हापूरच्या त्या मुलाची कंपनी मात्र झपाट्याने वाढली आणि वर्षभरात त्याने नाशिकमधलंही एक मोठं काम पटकावलं. मी पल्लवीला विचारलं, वाईट वाटतं का. ती म्हणाली, वाटतं, दोन दिवस जेवण गेलं नाही. मग म्हणाली की त्याच्या कॉम्प्युटरवरची खुणांची चित्रं आपल्यापेक्षा चांगली आहेत, आपल्याला सुधारलं पाहिजे. आणि ती खरंच कामाला लागली. मी खूप धंदेवाले पाहिले, पण दार उघडं राहावं म्हणून भांडणारी आणि त्या दारातून स्पर्धक आत आल्यावरही दार बरोबरच होतं म्हणणारी एवढी एकच.

२००९ च्या पावसाळ्यानंतर पेठ गावच्या बाजारात एका पोराने कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. लाइन आमच्या वरच्या कंपनीची नव्हती, भलत्याच कोणाची होती. राखीची आई भागीबाई पाड्यावरून बाजाराला आली होती, तिला त्याने कॅमेऱ्यासमोर बसवलं. इकडे पेठ रोडला राखी मुलीला मांडीवर घेऊन बसली आणि मधे पल्लवी. आई आणि मुलीत घरगुती खुणांपलीकडे कधी बोलणंच झालं नव्हतं. जेवलीस का, झोप, ये, जा, एवढंच. मी तिथे नवा डबा बसवायला गेलो होतो, तो तसाच हातात धरून उभा राहिलो.

भागीबाई आधी लाजली. मग पदर सावरून म्हणाली, "तिला इचारा, शाळंत सोडून मी निघाले तवा ती फाटकात उभी राहून हातानं काय सांगत व्हती? लय येळ सांगत व्हती. मला काय बी समजलं नाय. मला वाटलं, मला नको टाकू म्हणते. मी रस्ताभर रडले."

पल्लवीने ते हातांनी राखीला सांगितलं. राखीने क्षणभर आठवलं. मग तिचा चेहरा उजळला आणि हात भराभर चालायला लागले. पल्लवीला हसू आवरेना. तिला वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागलं.

"ती म्हणतेय, माझ्या चपला तुझ्या पिशवीत राहिल्यात, त्या दे."

तिकडे पेठच्या दुकानात भागीबाईने कपाळावर हात मारला. चपला तिला घरी गेल्यावर सापडल्या होत्या आणि त्या पाहून ती पुन्हा रडली होती, हे ती सांगत होती आणि सांगता सांगता हसत होती. राखीला ते पल्लवीच्या हातांतून कळत होतं, पण तोवर ती पल्लवीकडे बघायचीच थांबली होती. ती पडद्याला अगदी नाक लावून आईचं हसणं बघत होती.